बारा सेंटिमीटरचा नेम

मुळशी तालुक्यातलं म्हाळुंगे आता पुण्याने गिळलं आहे. भातखाचरांच्या जागी उंच इमारती आल्या, पण तिथल्या क्रीडासंकुलाचं जोडनाव अजून म्हाळुंगे-बालेवाडी असंच चालतं. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात नेमबाजीची रेंज आहे. तिच्या ५० मीटरच्या पल्ल्यावर सराव चालू असतो तेव्हा दर बाराला एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. रायफलीतून सुटलेली शिशाची गोळी लक्ष्यापर्यंत पोचेपर्यंत सुमारे बारा सेंटिमीटर खाली पडते. लक्ष्यावरचं काळं वर्तुळ ११.२४ सेंटिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे ते अख्खं वर्तुळ ओलांडलं जाईल एवढं हे पडणं आहे. आणि जिथे गोळी बसायला हवी त्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा. बारा सेंटिमीटर घसरणारी वस्तू एका सेंटिमीटरच्या ठिपक्यात बसवायची, तीही साठ वेळा, हे ऐकून पाहणाऱ्याला नवल वाटायला हवं. नेमबाजाला वाटत नाही, आणि त्याचंच बरोबर आहे. पडण्याने नेम चुकत नाही. सारखं न पडण्याने चुकतो. पल्ला, वेग आणि घसरण यांच्या सगळ्या हिशेबाकडे या एका वाक्याच्या खिडकीतून पाहावं असं मला वाटतं.

आधी हिशेब. या प्रकारात पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटर जाडीची, जेमतेम अडीच ग्रॅम वजनाची गोळी वापरतात. नळीच्या तोंडाशी तिचा वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास ठेवलेला असतो. तो मुद्दामच ध्वनीच्या वेगाखाली राखलेला असतो, कारण त्या वेगाच्या उंबरठ्यावर हवा गोळीला फार छळते. वाटेत हवेच्या विरोधाने तो तीनशेच्या खाली उतरतो. सरासरी ३१२ धरला तर ५० मीटर जायला ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हातातून सुटलेला दगड जितका पडेल जवळजवळ तितकीच गोळीही पडते: गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याला वेळेच्या वर्गाने गुणायचं, उत्तर साडेबारा सेंटिमीटर. खाली येतानाही हवा थोडं अडवते म्हणून बारा धरू. पुढे धावण्याचा आणि खाली पडण्याचा एकमेकांशी संबंध नाही, ही गोष्ट शाळेत पाठ होते आणि बाहेर पडताच विसरली जाते. ‘बंदुकीच्या गोळीसारखा सरळ’ असं आपण सहज म्हणतो. भाताच्या किंवा नाचणीच्या शेतात पाखरं हाकणाऱ्याच्या गोफणीतला धोंडा कमान काढून जातो हे डोळ्यांना दिसतं. गोळीची कमान दिसत नाही, इतकाच फरक. कमान दोन्हीकडे आहे.

मग गोळी दहात बसते कशी? रायफलीवरची दुर्बीण किंवा नेम धरायची भोकं नळीच्या काही सेंटिमीटर वर असतात, आणि नजरेची रेघ व नळीची रेघ एकमेकींना समांतर नसतात. नजर लक्ष्याच्या मध्यावर असते तेव्हा नळीचं तोंड किंचित वर बघत असतं. किती? पडण्याचे बारा आणि उंचीच्या फरकाचे पाचेक, असे सतरा सेंटिमीटर ५० मीटरमध्ये भरून काढायचे, म्हणजे अंशाचा जेमतेम पाचवा भाग. घड्याळाचा मिनिटकाटा दोन सेकंदांत याच्याइतकाच सरकतो. ‘गोळी सुटल्यावर आधी वर उठते’ असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात, त्याचं मूळ इथेच आहे. ती उठत नाही. नळीनेच तिला वर फेकलेलं असतं, आणि नळीच्या रेघेच्या हिशेबाने ती पहिल्या क्षणापासून खालीच येत असते. एकदा हा तिरकेपणा बसवला की बारा सेंटिमीटरची घसरण हिशेबातून नाहीशी होते. उद्या पृथ्वीचं ओढणं दुप्पट झालं तरी नेमबाज नेमाची उंची बदलणाऱ्या चक्रीला थोडे आणखी पीळ देईल आणि पुन्हा दहात मारील. दर वेळी तेवढंच ओढलं जावं, इतकीच त्याची अट आहे.

आता ही अट मोडून बघू. एकाच पेटीतल्या दोन काडतुसांपैकी एकाची गोळी ३२५च्या वेगाने सुटली आणि दुसऱ्याची ३१५ने. दहा मीटरचा फरक म्हणजे तीन टक्के. कानाला कळणार नाही, खांद्यालाही नाही. पण वेळ तीन टक्के वाढला की घसरण वर्गाच्या हिशेबाने सहा टक्के वाढते, आणि बारा सेंटिमीटरचे सहा टक्के म्हणजे सात-साडेसात मिलिमीटर. या लक्ष्यावरच्या दोन वर्तुळांमधलं अंतर ८ मिलिमीटर आहे. म्हणजे माणसाने काहीही चूक न करता जवळजवळ एक पूर्ण गुण गेला. हा गुण किती महाग असतो? १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. बालेवाडीच्याच रेंजवर घडलेला हा नेमबाज. अंतिम फेरीतले त्याचे गुण ४५१.४. तिसरा क्रमांक ठरतो तोवर ४४ बार झालेले असतात, तेव्हा दर बाराची सरासरी १०.२६ येते. या मोजणीत गुणाचा दहावा भाग म्हणजे ०.८ मिलिमीटर. उलटा हिशेब केला तर गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारलेल्या त्याच्या गोळ्यांचे मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून सरासरी सहा मिलिमीटरच्या आसपास पडले. म्हणजे माणूस, रायफल, वारा आणि दारू या सगळ्यांच्या चुका मिळून सहा मिलिमीटर. आणि वेगातला एवढासा फरक एकटाच सात खाऊन टाकणार! म्हणून वरच्या पातळीवरचे नेमबाज काडतुसं नुसती विकत घेत नाहीत, ती निवडतात. आपली रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रात जायचं, ती शिकंज्यात घट्ट बसवायची, एकेका लॉटची, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या तुकडीची, काडतुसं उडवायची आणि ज्या लॉटची भोकं सगळ्यांत दाटीने पडतात तो उचलायचा. भोकं केंद्रात पडतात की बाजूला, हे तिथे कुणी विचारत नाही. सरासरी कुठे आहे याला किंमत नाही, पसारा किती आहे याला आहे.

यावर जाणकार हरकत घेईल, आणि ती वजनदार आहे. पल्ला ठरलेला असताना हे बोलणं सोपं आहे. ५० मीटरचं लक्ष्य काही चालत येऊन ७० मीटरवर उभं राहत नाही. सैनिकाचं काय? त्याला तर अंतर बदललं की घसरण नव्याने मोजावी लागते. खरं आहे. ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी गोळीचं उदाहरण घेऊ. ती सेकंदाला साधारण ८४० मीटरने सुटते. १०० मीटरवर ती नळीच्या रेघेपासून सातेक सेंटिमीटर खाली असते, ३०० मीटरवर पाऊण मीटर आणि ६०० मीटरवर पावणेचार मीटर. अंतर तिप्पट झालं तर घसरण नऊपट व्हायला हवी होती, ती दहापट होते. सहापट झालं तर छत्तीसपटीच्या जागी पन्नासपट. वाढीव हिस्सा हवेचा: गोळी मंदावत जाते, पुढच्या प्रत्येक मीटरला तिला जास्त वेळ लागतो आणि तेवढा जास्त वेळ ती खाली खेचली जाते. हा तक्ता पाठ नसेल तर दूरचा नेम म्हणजे अंदाजपंचे. पण तक्ता हातात असेल तर? तर ६०० मीटरवरचे पावणेचार मीटर निरुपद्रवी होतात, म्हाळुंग्याच्या बारा सेंटिमीटरइतकेच. उरतो तो अंतराचा अंदाज. लक्ष्य ६०० ऐवजी ६२५ मीटरवर असेल तर गोळी पाव मीटर खाली जाते, आणि दरीपलीकडच्या झाडाचं अंतर नुसत्या डोळ्यांनी पंचवीस मीटरपर्यंत बरोबर सांगणारा माणूस दुर्मिळ. म्हणजे इथेही घातक ठरलं ते घसरणीचं प्रमाण नाही, घसरणीबद्दलची अनिश्चितता. हरकत घेणाऱ्याने माझा मुद्दा खोडला नाही, त्याला आणखी लांबचा पल्ला दिला.

या बाबतीत मला बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाचं काम फार मोलाचं वाटतं. गॅलिलिओने १६३८मध्ये फेकलेल्या वस्तूची कमान पॅराबोला असते हे छापून टाकलं होतं, आणि पुढची शंभर वर्षं तोफखान्याची पुस्तकं ती कमान गिरवत राहिली. सूत्र देखणं होतं, गोळे मात्र सूत्राने सांगितलेल्या जागेच्या खूप अलीकडे पडत. विद्वानांचा समज असा की जड गोळ्याला हवा कितीशी अडवणार! रॉबिन्सने १७४२च्या आपल्या पुस्तकात वाद घातला नाही, मापन केलं. जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगायचा, त्यात गोळी मारायची, ठोकळा किती मागे झुलला ते त्याला बांधलेल्या फितीवरून वाचायचं आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा. मग तीच गोळी आणखी लांबून मारायची आणि वेग किती घटला ते पाहायचं. हवेचा विरोध विद्वानांच्या कल्पनेच्या कितीतरी पट निघाला. लिओनार्ड ऑयलरने १७४५मध्ये ते पुस्तक जर्मनमध्ये आणलं आणि त्यावर मूळ पुस्तकाहून मोठं भाष्य चढवलं. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची डागडुजी करायला हिंदुस्थानात आला आणि १७५१मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापाने गेला. त्याच्या लंबकाची जागा आता क्रोनोग्राफने घेतली आहे. ठरावीक अंतरावरच्या दोन प्रकाशपडद्यांमधून गोळी जाते आणि आकडा उमटतो. १८६९पासून चालणारा खडकीचा दारूगोळा कारखाना असो, १९५८मध्ये स्थापन झालेली आणि आता मुळशीच्या वेशीला लागून पाषाणात असलेली एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था असो, किंवा परदेशातली खेळाच्या काडतुसांची कंपनी असो, दारूगोळ्याचा कस लावताना सरासरी वेगाइतकाच वेगातला फरकही पाहावा लागतो. सरासरी जमली आणि फरक फाकला तर तो माल कुणाच्या कामाचा नाही.

आणि फरक फाकलेला असतानाही जिंकायचं असेल तर? तेव्हा माणसं संख्येचा आधार घेतात. मुळशीच्या पश्चिम टोकाला, आंबवण्याजवळ कोरीगड आहे. मार्च १८१८मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने त्याला वेढा घातला. गड काही दिवस झुंजला, मग आतल्या दारूकोठाराचा स्फोट झाला आणि तो पडला. कुणा गोलंदाजाने कोठारावर नेम धरून ते टिपलं असं म्हणावं, तर त्या काळच्या तोफांत तेवढी सफाईच नव्हती. नळीत सैल बसणारे गोळे, हाताने भरलेली दारू, प्रत्येक बाराचा वेग निराळा. अशा वेळी हिशेबाने एवढंच सांगता येतं की गडाचा सपाट माथा मोठा आहे, मारत राहा, एखादा लागेल. कोरीगडासारख्या जागी आणखी एक गंमत आहे, जी घाटातल्या शिकाऱ्यांनाही फसवत आली असणार. खालून वर मारताना जास्त उंच नेम धरावा आणि वरून खाली मारताना कमी, असं मनाला पटतं. प्रत्यक्षात दोन्हीकडे सपाटीपेक्षा कमीच उचल लागते, कारण पृथ्वी गोळीला खेचते ते सरळ खाली, आणि हिशेबात धरायचं ते नकाशावरचं आडवं अंतर. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर तिरपं अंतर ३०० मीटर असेल तर उचल सुमारे २१० मीटरची द्यायची. हे माहीत नसलेला माणूस कड्यावरून मारताना आणि कड्याकडे मारताना, दोन्ही वेळा सावजाच्या डोक्यावरूनच मारतो. अशी चूक कितीही वेळा झाली तरी एकाच दिशेला होते. म्हणून ती सुधारता येते.

मग हिशेबाचं काम नेमकं काय उरलं, असा दुसरा आक्षेप येईल. घसरण चक्रीने भरून निघते, पसारा लॉट निवडून कमी होतो, तर कागद-पेन्सिल कशाला? माझं उत्तर मुळशीच्या पावसाळ्यातून येतं. ताम्हिणीकडून ढग उतरले, हवा ओली झाली, की ‘आज हवा जड आहे’ असं म्हणायची आपली सवय. दमट हवा जड, म्हणून गोळी जास्त मंदावणार, हा तर्क सरळ वाटतो. तो चुकीचा आहे: पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, म्हणून त्याच तापमानाला आणि दाबाला दमट हवा कोरडीपेक्षा हलकी भरते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ५० मीटरवर हा फरक मोजण्याच्याही लायकीचा नाही. याउलट ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा, ज्याने झाडाची पानं नुसती सळसळतात, तो या गोळीला दीड-पावणेदोन सेंटिमीटर बाजूला नेतो. दोन वर्तुळं गेली. ५० मीटरची मैदानी रेंज बहुतांश उघड्या आकाशाखाली असते आणि तिच्या लांबीवर छोटी निशाणं लावलेली असतात ती यासाठी. ओल्या हवेची भीती आणि वाऱ्याचा धाक यांतली कुठली खरी, हे मनाला विचारून कळत नाही. तिथे आकडे लागतात. हिशेब नेम धरून देत नाही. कशाची काळजी करायची आणि कशाची नाही, ते मात्र तोच सांगतो.

शरीराचा आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण तो मला सर्वांत अवघड वाटतो. रायफलीवरच्या पुढच्या आणि मागच्या भोकांत पाऊण मीटरचं अंतर धरलं तर पुढचं टोक एक दशांश मिलिमीटर हललं की ५० मीटरवर साडेसहा मिलिमीटरचा फरक पडतो. हृदयाच्या एका ठोक्याने याहून जास्त हलतं. मग वेगातल्या तीन टक्क्यांचं एवढं कौतुक कशाला, सगळा खेळ हाताचाच की! या आक्षेपाला मी अर्धा मान्य करतो. माणसाचं हलणं हाच मोठा वाटा आहे. नळीसुद्धा बार होताना दोरीसारखी थरथरते, आणि काही कारागिरांच्या मते ती थरथर जुळवली तर मंद गोळी नळीचं तोंड जरा वर असताना सुटते आणि आपली चूक आपणच थोडी भरून काढते; म्हणजे वेगाचा हिशेबही वाटतो तितका एकमार्गी नाही. पण हाताचा वाटा मोठा म्हटल्याने मुद्दा बदलत नाही. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन, म्हणजे झोपून मारायच्या, प्रकारात ६००पैकी ५९७ गुण करून सुवर्ण मिळवलं. साठ बारांत जास्तीत जास्त तीन दहाच्या बाहेर. एवढा वेळ शरीराला दगड करता येत नाही. करता येतं ते इतकंच, की श्वास दर वेळी त्याच जागी थांबावा, गाल दस्त्यावर त्याच ठिकाणी टेकावा, चाप त्याच हळुवारपणे मागे यावा. हलायचं ते हलू द्यायचं, पण दर वेळी सारखं.

मराठीने हे फार आधी ओळखलं असावं असं मला राहून राहून वाटतं. आपण नेम धरतो, आणि नेम पाळतोही. एकादशीचा नेम असतो, पहाटे उठण्याचा नेम असतो, आणि ज्याचा भरवसा नाही त्याचा ‘काही नेम नाही’. मुळशीतल्या पावसाचा नेम नाही हे आवणीला बसलेला कुणीही सांगेल. शब्दाच्या कुळीवरून सिद्धांत बांधू नयेत हे कबूल, पण वापर हा पुरावा असतो: आपल्या भाषेत अचूकपणा आणि नियमितपणा यांना एकच शब्द पुरतो, आणि त्यांच्या अभावालाही. इंग्रजीतून शिकलेल्या नेमबाजाला सरासरी आणि विचलन असे दोन शब्द शिकवावे लागतात.

काडतुसांच्या पेटीवर लॉट क्रमांक छापलेला असतो. काही कंपन्या त्या लॉटचा वेगही छापतात. स्पर्धेच्या मोसमासाठी हजारो काडतुसं एकाच लॉटची साठवतात, आणि सरावातही ती जपून उडवली जातात. लॉट संपत आला की नेमबाजाचा चेहरा, घरातली जुन्या तांदळाची शेवटची गोण काढताना होतो तसा होतो. नव्या लॉटची पेटी फुटते, पहिले काही बार फुकट जातात, चक्री दोन पीळ इकडे, एक तिकडे. बारा सेंटिमीटर आता पावणेबारा असतील, किंवा सव्वाबारा.